इन्सुलिन चालू आहे तरी शुगर खाली येत नाही, मग पुढे काय?

रात्रीचं इन्सुलिन १० युनिटवर सुरू झालं, मग २० झालं, मग ३४, आणि तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी ही रक्ततपासणी, टक्क्यांत येते) अजून आठ-नऊच्या घरातच. अशी माणसं आपल्याकडे देवगडपासून दापोलीपर्यंत गावोगाव आहेत. २०२३ मध्ये आयसीएमआरचा मोठा सर्व्हे आला त्यात देशभरात १० कोटींच्या वर डायबिटीसवाले निघाले आणि सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. खाणंपिणं, हवा, सणवार यात आपण गोव्यापासून फार लांब नाही.

मी किनाऱ्यावरच्या एका गावात मेडिकल चालवते. डॉक्टरांनी दुसरी सुई लिहून दिली की माणूस कागद काउंटरवर ठेवतो आणि आधी विचारतो, म्हणजे आता माझं जास्तच झालं का? मालवणीत तर वाक्य ठरलेलंच आहे, "सुई एकदा लागली काय मगे सुटना नाय." या भीतीपोटी लोक चिठ्ठी घरी नेतात, महिनाभर घडी करून ठेवतात आणि तोपर्यंत डोळे, किडनी, पाय यांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून हे सगळं नीट उलगडून लिहितेय.

आधी हे समजून घ्या की टाइप टू मध्ये, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होतो त्या डायबिटीसमध्ये, औषध वाढत जातं ते तुम्ही पथ्य मोडलं म्हणूनच असं नाही. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं चाललेला यूकेपीडीएस नावाचा अभ्यास आहे, नव्याने डायबिटीस निघालेले पाच हजारांवर लोक त्यात होते, त्यात दिसलं की आजार कळतो त्याच दिवशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकद साधारण निम्म्यावर आलेली असते आणि नंतर ती दरवर्षी थोडी थोडी कमीच होत जाते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी एका गोळीवर भागत होतं, आज भागत नाही, हा आजाराचाच स्वभाव आहे. आणि "सुटना नाय" हेही सरसकट खरं नाही. ऑपरेशनच्या वेळी, मोठ्या इन्फेक्शनमध्ये, गरोदरपणात इन्सुलिन वाढवतात आणि नंतर कमी किंवा बंद करतात. चीनमधला २००८ चा एक अभ्यास आहे, नव्या पेशंटना सुरुवातीलाच थोडे दिवस जोरात इन्सुलिन दिलं तर वर्षभरानंतर त्यातल्या जवळपास निम्म्यांची शुगर औषधाशिवाय ताब्यात होती, गोळ्यांवर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण साधारण पाव होतं. जुन्या आजारात असं सहसा होत नाही, हेही सांगायला हवं.

आता शरीर इन्सुलिन कसं सोडतं ते बघू. नारळी-पोफळीच्या बागेत ठिबक चोवीस तास थेंब थेंब चालू असतं आणि शिवाय वेळेला आळं भरून पाणी द्यावं लागतं, तसंच. निरोगी माणसाचं स्वादुपिंड दिवसरात्र थोडं थोडं इन्सुलिन सोडत असतं, कारण आपण झोपलेले असलो तरी लिव्हर रक्तात साखर सोडत असतं. आणि पानावर बसलो, पहिला घास पोटात गेला की वरून एकदम मोठा डोस सोडतं. रात्रीचं लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन, ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक, हे फक्त ठिबकचं काम करतं. भाताचा जो लोंढा येतो तो आवरणं त्याचं काम नाही.

सगळा गोंधळ इथेच होतो. शुगर येत नाही की रात्रीचे युनिट वाढवा, अजून वाढवा. युनिट वाढतात पण ज्या तासाला शुगर चढते त्या तासाला इन्सुलिन पोचतच नाही.

सुरुवात करताना डॉक्टर साधारण १० युनिट किंवा वजनाच्या किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट देतात, मग दर तीन दिवसांनी सकाळची उपाशीपोटीची शुगर बघून दोन-दोन युनिट वाढवतात, ती ८० ते १३० मध्ये आली की थांबतात. इथवर सरळ आहे आणि इथवर भरपूर लोकांचं भागतं. उलट पुष्कळ जण १० वर सुरू करून १० वरच वर्षानुवर्षं बसलेले असतात, वाढवायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं, तेही चूकच. पण किलोमागे अर्ध्या युनिटच्या पुढे गेलं की थांबून विचार करायचा, आता युनिट कमी पडतायत की वेळ चुकतेय?

शुगर लिहून ठेवायच्या एका वहीचं उदाहरण घेऊ. समजा एक मावशी आहेत, वजन ६२ किलो, रात्री ३८ युनिट लाँग-ॲक्टिंग. वहीत सकाळच्या शुगर ९८, १०६, ९१, एकदम छान. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, मात्र ८.६, म्हणजे दिवसभराची सरासरी २०० च्या आसपास. सकाळी शंभर आणि सरासरी दोनशे हे कसं काय? कारण मावशी फक्त सकाळीच तपासतात. दोन दिवस जेवणानंतर दोन तासांनी बोटाला टोचायला सांगितलं तर दुपारी २३६, रात्री २७१, झोपताना २५८. रात्री नऊला माशाची कढी नि भात, दुपारीही तेच, सकाळी पेज. आणि २५८ वर झोपलेल्या मावशी सकाळी ९८ वर उठतात म्हणजे रात्रीत १६० ने शुगर खाली. झोपताना आणि उठल्यावर यात ५० पेक्षा जास्त फरक पडत असेल तर ठिबक गरजेपेक्षा जास्त सोडलंय असं समजायचं. खोलात विचारलं तर मावशी सांगतात, पहाटे तीनला घाम येऊन जाग येते, भूक लागते, दोन बिस्किटं खाऊन झोपते. ही बिस्किटं वहीत नसतात! ६२ किलोला अर्ध्या युनिटने ३१ होतात आणि मावशी ३८ वर आहेत. अशा वेळी ८.६ बघून रात्रीचे अजून चार वाढवले तर जेवणानंतरची शुगर तशीच राहणार आणि पहाटेचा घाम वाढणार.

मग करतात काय, तर रात्रीचं थोडं कमी करून सगळ्यात मोठ्या जेवणाआधी जलद काम करणारं इन्सुलिन देतात, सुरुवात ४ युनिट किंवा रात्रीच्या डोसच्या दहा टक्के, मावशींच्या बाबतीत दोन्ही हिशोब चारावरच येतात. मग जेवणानंतरची शुगर बघत एक-दोन युनिटने वाढवायचं, लक्ष्य १८० च्या आत. एका जेवणाने भागलं नाही तर दुसरं जेवण, मग तिसरं. चार सुया एकदम कुणी गळ्यात घालत नाही, पायरी पायरीने जातात, आणि पुष्कळांचं पहिल्या पायरीवरच काम होतं.

पण जेवणाच्या इन्सुलिनची सुई वाढवण्याआधी डॉक्टर अजून एक दार ठोठावतात, जीएलपी-१ गटातलं औषध, लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही त्यातली नावं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची गाइडलाइन तर जेवणाच्या इन्सुलिनआधी शक्य असेल तिथे याचाच विचार करा म्हणते. हीही बहुतेक सुईनेच घेतात, पण त्यातली काही औषधं आठवड्यातून एकदाच घ्यायची असतात, भूक कमी होते, वजन उतरतं, शुगर एकदम खाली जायची भीती कमी. सुरुवातीला मळमळ होते, आणि खर्च हा मोठा प्रश्न आहे, आमच्याकडे किंमत ऐकून निम्मे लोक कागद परत खिशात घालतात. त्यात कुणाला दोष नाही. पण ज्यांचं वजन जास्त आहे, हार्टचा त्रास आहे त्यांनी किंमत ऐकण्याआधीच नाही म्हणू नये, डॉक्टरांना निदान विचारावं.

तिसरा रस्ता प्रीमिक्सचा, म्हणजे जलद आणि संथ दोन्ही इन्सुलिन एकाच बाटलीत, ३०/७० म्हणतात ते. दिवसातून दोनच सुया, स्वस्त, सरकारी दवाखान्यातही मिळतं, म्हणून कोकणात हेच जास्त चालतं. वाईट अजिबात नाही पण त्याची एक अट आहे की तुमचा दिवस घड्याळासारखा पाहिजे. सकाळी आठला टोचलेल्या प्रीमिक्सचा संथ भाग दुपारी बारा ते दोनमध्ये जोर धरतो, तेव्हा पोटात जेवण असायलाच हवं. शाळेतल्या बाईंना, बँकेत बसणाऱ्या भाऊंना हे जमून जातं. पण पहाटे होडी घेऊन निघणारा माणूस, जाळं ओढता ओढता दुपार टळली, किनारा लांब, डबा उघडायला सवड नाही, त्याला हेच इन्सुलिन भर समुद्रात पाडू शकतं. अशा माणसाने डॉक्टरांना आपलं काम नीट सांगितलंच पाहिजे. "मी मच्छीमार आहे" एवढं सांगून भागत नाही, किती वाजता निघतो, कधी खातो, कधी परततो हे सगळं सांगायचं. त्याच्यासाठी लाँग-ॲक्टिंग आणि जेवणासमोर बसल्यावर टोचायचं जलद इन्सुलिन हे जास्त सुरक्षित पडतं, कारण जेवण नाही तर ती सुईही नाही. सुया जास्त, पण दिवस त्याच्या हातात राहतो.

आपल्याकडे कामाचा मोसम बदलतो तशी इन्सुलिनची गरजही बदलते आणि हे फार कमी वेळा बोललं जातं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माणूस घरी बसतो, शुगर चढते, डोस वाढतो. ऑगस्टमध्ये होड्या परत निघाल्या की तोच वाढवलेला डोस जड होतो. लावणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायकांचंही तेच, आंब्याच्या काढणीतही तेच. अंगमेहनतीचं काम सुरू होणार असेल तर आधीच डॉक्टरांना फोन करून डोस विचारून घ्या, चक्कर आल्यावर नको.

खाण्याबद्दल थोडक्यात. एका मध्यम वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ३० ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, बांगड्यात नि कोळंबीत जवळपास काही नाही. म्हणजे जेवणाचं इन्सुलिन माशाला नसतं, भाताला असतं. आज एक वाटी, उद्या तीन वाट्या असं चालू राहिलं तर चार युनिट रोज कसे पुरणार? भात सोडा असं कोकणात कुणाला सांगण्यात अर्थ नाही, मी सांगतही नाही, पण वाटी ठरवून घ्या आणि रोज तेवढाच घ्या, मग डोस बसवणं डॉक्टरांना सोपं जातं. मध्यम हापूस म्हणजे जवळपास पाऊण वाटी भात धरा, आंबा खायचा त्या दिवशी तेवढा भात कमी करा. उपासाच्या दिवशी, हरितालिका असो की संकष्टी, रात्रीचं लाँग-ॲक्टिंग आपल्या मनाने बंद करायचं नाही, जेवणाची सुई मात्र जेवण नसेल तर नाही. प्रीमिक्सवाल्यांनी उपास करण्याआधी विचारायचंच. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे भातच समजा.

आता शुगर खाली जाण्याचं. इन्सुलिन वाढवायचं म्हटलं की हा धोका वाढतो, हे लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. ७० च्या खाली गेली की थरथर, घाम, धडधड, एकदम चिडचिड. ५४ च्या खाली मेंदूवर परिणाम, माणूस भलतंच बोलायला लागतो आणि घरच्यांना वाटतं पिऊन आलाय. उपाय सोपा आहे, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, नाही चढली तर परत तेवढंच, आणि बरं वाटलं की काहीतरी खाऊन घ्यायचं. लाडू, चॉकलेट चालत नाही, तुपातली साखर रक्तात उशिरा पोचते. शहाळ्यावर विसंबू नका, त्यात साखर कमी असते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर काहीही घालायचं नाही, कुशीवर झोपवायचं आणि १०८ ला फोन. दारू घेणाऱ्यांनी हे तर लक्षातच ठेवा, दारू उतरवण्याच्या कामात लिव्हर साखर सोडायचं विसरतं आणि मध्यरात्रीनंतर शुगर पडते, त्यात जेवण न करता झोपलेला माणूस सकाळी उठेलच असं नाही. ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी चालू असताना जेवणाचं इन्सुलिन सुरू झालं तर ती गोळी कमी करायची की बंद करायची हे विचारून घ्या, बरेच जण दोन्ही तसंच चालू ठेवतात. मेटफॉर्मिन बहुतेक वेळा चालूच राहते. वजन दोन-चार किलो वाढू शकतं कारण लघवीवाटे वाया जाणारी साखर आता अंगी लागायला लागते.

आणि शुगर किती खाली आणायची हे प्रत्येकाचं वेगळं. २००८ मध्ये अमेरिका-कॅनडातला अकॉर्ड नावाचा दहा हजारांवर लोकांचा अभ्यास, ज्यात हार्टचा धोका असलेल्या जुन्या पेशंटची एचबीए१सी सहाच्या खाली आणायचा प्रयत्न होता, तो भाग मध्येच थांबवावा लागला कारण जोरात उपचार केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. म्हणून चाळिशीतल्या मुलाला सात म्हणतील आणि घरात एकट्या राहणाऱ्या पंच्याहत्तरीच्या आजीला आठ. मुलगा मुंबईत, आजी गावात एकटी, रात्री शुगर पडली तर बघणारं कुणी नाही, तिथे सातचा हट्ट धरू नये. चाकरमानी मुलं गणपतीला येतात, रिपोर्ट बघतात आणि आजीला आठ कशी म्हणून डॉक्टरांशी वाद घालतात, त्यांनी जरा हे वाचावं.

डोस वाढवण्याआधी एक गोष्ट करा, पोटावरून हात फिरवा. एकाच जागी टोचून टोचून तिथे मऊ गाठी होतात, दुखत नाहीत म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात, पण त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही. आम्ही युनिट वाढवत बसतो आणि दोष गाठीचा असतो. जागा रोज दोन बोटं सरकवायची. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तोच डोस जास्त लागू होतो, म्हणून तेव्हाही डॉक्टरांना सांगून डोस कमी करून घ्यायचा. दुधाळ इन्सुलिन असेल तर हातात हलकेच फिरवून एकसारखं करायचं, इन्सुलिनचं पेन असेल तर सुई आत ठेवून, बटण दाबून दहापर्यंत मोजायचं. गुडघ्याला किंवा दम्याला स्टिरॉइड चालू आहे का, पायाला जखम, लघवीचं इन्फेक्शन, दाढेला पू आहे का, यानेही शुगर चढते आणि मग इन्सुलिनला नावं ठेवली जातात.

सिरिंजबद्दल मी प्रत्येकाला सांगते आणि इथेही सांगते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं कार्ट्रिज, म्हणजे आत बसवायची इन्सुलिनची नळी, १०० चं. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० युनिट ओढले तर अंगात जातात ५०. अडीच पट! हे रात्रीच्या अंधारात, लाइट गेल्यावर, घाईत सहज होतं. घरात दोन प्रकारच्या सिरिंज ठेवूच नका.

लाइटचा विषय निघालाच आहे तर, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा रायगडात आणि मंडणगड-दापोलीकडे कित्येक गावांना अनेक दिवस वीज नव्हती. वापरात असलेली बाटली २५-३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर चालते, फ्रिज लागतोच असं नाही. उन्हाळ्यात घरात त्याच्या वर जातं म्हणून मातीच्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात प्लास्टिकच्या डब्यात बाटली ठेवायची, सावलीत. होडीवर नेताना बर्फाच्या पेटीत मात्र कधीच नाही, बर्फाला चिकटून गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पहिल्यासारखंच असू शकतं पण नीट काम करत नाही. फेकून द्यायचं, कितीही जीवावर आलं तरी.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना तीन दिवसांची वही न्या, प्रत्येक दिवशी एका जेवणाआधीची आणि दोन तासांनंतरची शुगर, एखाद्या दिवशी पहाटे तीनची, सोबत काय खाल्लं ते आणि मध्येच खाल्लेली बिस्किटंसुद्धा. स्ट्रिप महाग आहेत, रोज सात वेळा टोचायची गरज नाही, पण या तीन दिवसांच्या वहीशिवाय डॉक्टर अंदाजाने डोस ठरवतात. आपली बाटली, पेन, सिरिंज पिशवीत घालून न्या आणि त्यांच्यासमोर एकदा टोचून दाखवा.